फळ्याच्या त्या बाजूला: शिकवणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं कोणी?

आज जे ऐकताहेत त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरातलं, नाहीतर नात्यातलं, कोणीतरी अमेरिकेत एमएस किंवा पीएचडी करायला गेलेलं असणार. ते मूल निघायच्या आधी घरात एक प्रश्न हमखास विचारला जातो: "टीएशिप मिळाली का?" हा प्रश्न पैशांचा असतो. टीएशिप मिळाली म्हणजे फी माफ, वर महिन्याला काहीतरी हातात, म्हणजे कर्ज कमी. मूल तिथे जाऊन नेमकं काय शिकवणार, कोणाला शिकवणार, आणि त्याला शिकवता येतं का, हे सहसा कोणी विचारत नाही. त्या मुलालाही ते पडलेलं नसतं. आम्हालाही पडलेलं नव्हतं.

आम्ही म्हणजे आम्ही दोघं. एक गणित विभागातला, एक भौतिकशास्त्र विभागातली. अमेरिकेच्या मध्यभागातल्या एका सरकारी विद्यापीठात बरीच वर्षं आम्ही नव्या टीएंच्या प्रशिक्षणाचं काम बघतो. आज आम्ही आलटून पालटून बोलणार आहोत, त्यामुळे "आम्ही" म्हणजे कधी तो आणि कधी ती. हे भाषण उतरवून काढणाऱ्यांनी ते वेगळं करत बसू नये, अशी विनंती.

आधी ही व्यवस्था काय आहे ते सांगतो, कारण आपल्याकडच्या कॉलेजशी ती नीटशी जुळत नाही. तिकडच्या मोठ्या विद्यापीठात पहिल्या वर्षाचं कॅल्क्युलस किंवा भौतिकशास्त्र शिकायला एका सत्रात हजार-दीड हजार मुलं असू शकतात. प्राध्यापक दोनशे-तीनशे जणांच्या सभागृहात आठवड्यातून तीन वेळा व्याख्यान देतात. मग याच मुलांचे पंचवीस-तीस जणांचे गट पाडतात आणि प्रत्येक गट आठवड्यातून एक-दोनदा टीएसमोर बसतो. गणितं सोडवून घेणं, प्रयोग करून घेणं, गृहपाठ तपासणं, पेपर तपासणं, ठरलेल्या वेळी आपल्या खोलीत बसून येईल त्याची अडचण सोडवणं, हे सगळं टीए करतो. कामाची मर्यादा सहसा आठवड्याला २० तास. परदेशी विद्यार्थ्याच्या व्हिसाचीही सत्र चालू असताना तेवढीच मर्यादा.

आता हिशोब करा. पहिल्या वर्षाच्या मुलाला नावानिशी ओळखणारा माणूस कोण? सभागृहातल्या प्राध्यापकांना तो विसाव्या रांगेतला एक चेहरा दिसतो. त्याची वही बघणारा, त्याचं कुठे अडतं हे कळण्याची शक्यता असलेला माणूस टीएच. आणि कॅल्क्युलस हे तिकडे नाक्यासारखं आहे. इंजिनिअरिंग, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र, बऱ्याच ठिकाणी अर्थशास्त्रसुद्धा, सगळ्यांचा रस्ता तिथूनच जातो. तिथे अडकलेली अठरा वर्षांची मुलगी दुसऱ्या सत्रात शाखा बदलते. तिला कोणी हाकलत नाही, तिचं नाव यादीतून आपोआप गळतं. या नाक्यावर आपण ज्याला उभं करतो, तो चार आठवड्यांपूर्वी विमानातून उतरलेला असतो आणि त्याला स्वतःच्या खोलीचा गॅस कसा चालू करायचा हेही धड कळलेलं नसतं.

आमच्यापैकी एकाचा पहिला वर्ग सांगतो. फळ्यावर एक गुणाकार लिहिला आणि वर्गाला सांगितलं, "सिक्स इनटू टेन." आपल्या शाळेत हे साठ. वर्गात अर्ध्या मुलांनी दहाला सहाने भागलं, कारण तिकडे "इनटू" ऐकलं की भागाकार डोक्यात येतो. दहा मिनिटं कोणाचंच उत्तर कोणाशी जुळेना. मग "एक्स अपॉन वाय" म्हटलं, तर सगळे नुसते बघत राहिले. त्यांच्याकडे "एक्स ओव्हर वाय". "ए प्लस बी होल स्क्वेअर" हेही आपलंच, त्यांना त्यातला "होल" कुठून आला कळत नाही. शेवटी विचारलं, "एनी डाउट्स?" हा आपल्याकडे किती साधा प्रश्न. तिकडे "डाउट" म्हणजे अविश्वास. वर्गाला वाटलं, सर विचारताहेत की तुमचा माझ्यावर विश्वास नाही का. एका मुलाने प्रामाणिकपणे मान हलवली. (खोडरबर मागताना "रबर" म्हणू नये, हे आम्ही नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो. का, ते घरी गेल्यावर कोणालातरी विचारा.)

हे हसण्यासारखं आहे, पण त्या दिवशी तीस मुलांचा पन्नास मिनिटांचा तास गेला. आणि वर्गाने काढलेला निष्कर्ष "शब्द वेगळे आहेत" असा नव्हता. निष्कर्ष होता, "याला इंग्रजी येत नाही."

इंग्रजीचा हा प्रश्न तिकडे जुना आहे. १९८० च्या दशकापासून अनेक राज्यांनी कायदे केले की सरकारी विद्यापीठात शिकवणाऱ्याला बोलीभाषेतलं इंग्रजी पुरेसं येतं याची खात्री करून घ्या. त्यातून परीक्षा आल्या, परीक्षेत कमी पडणाऱ्यांसाठी वर्ग आले. आमची त्याबद्दल तक्रार नाही. ज्याचं बोलणं कळत नाही त्याला तीस मुलांपुढे उभं करणं त्या मुलांवर अन्याय आहे. पण दुसरी बाजूही ऐका. जॉर्जिया विद्यापीठातल्या डोनाल्ड रूबिन यांचा १९९२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकवलं. आवाज एका अमेरिकन बाईंचाच, इंग्रजी जन्मापासूनचं. ऐकताना काही जणांना गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काही जणांना आशियाई बाईचा. आशियाई चेहरा बघणाऱ्यांना त्याच आवाजात परकी ढब ऐकू आली, आणि व्याख्यानातलं त्यांच्या लक्षातही कमी राहिलं. म्हणजे न कळण्याचा काही भाग बोलणाऱ्याच्या तोंडात असतो आणि काही भाग ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत. टीएला या दोन्हींशी झुंजायचं असतं. ढब बदलण्याच्या मागे लागलेली मुलं आम्ही पाहिली आहेत. ती आणखीच घाईने आणि हळू आवाजात बोलायला लागतात. आम्ही सांगतो की ढब राहू दे. शब्द त्यांचे वापर, प्रत्येक नवा शब्द फळ्यावर लिही, वाक्याच्या शेवटी थांब, आणि फळ्याकडे तोंड करून बोलू नकोस. यातलं शेवटचं सगळ्यांत अवघड जातं.

बरं, प्रशिक्षण म्हणून सुरुवातीला काय मिळतं? बहुतेक ठिकाणी सत्र सुरू होण्याआधी दोन-तीन दिवस एक कार्यक्रम असतो. त्यातला पहिला दिवस कायद्यांत जातो. १९७४ चा एक केंद्रीय कायदा आहे, त्याला सगळे फर्पा म्हणतात. विद्यार्थ्याचे गुण ही त्याची खाजगी बाब आहे, असं तो मानतो. आपल्याकडून गेलेल्या मुलांना हे नवीनच. आपल्याकडे गुणांची यादी नावासकट नोटीस बोर्डावर लागते, आणि सर वडिलांना बाजारात भेटले की तिथेच निकाल सांगून टाकतात. तिकडे टीएने हे केलं तर विद्यापीठ अडचणीत येतं. दुसरा दिवस लैंगिक छळाविषयीचे नियम, अपंग विद्यार्थ्यांना द्यायच्या सवलती, संगणकावर गुण कसे भरायचे, यांत जातो. हे सगळं लागतंच. पण या दोन दिवसांत गणित कुठेच नसतं. एखाद्याने लिमिटची व्याख्या चुकीची समजून घेतली असेल तर त्याच्याशी काय बोलायचं, हे कोणी सांगत नाही.

काही विभाग तिसरा दिवस सूक्ष्म अध्यापनाला देतात. इथे बसलेल्या बी.एड. झालेल्या मंडळींना हे नाव ऐकून घाम फुटला असेल. ही पद्धत १९६० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये निघाली आणि आपल्या बी.एड. कॉलेजांनी ती अशी उचलली की पाठ-टिपणाच्या वह्याच्या वह्या भरल्या. तिकडच्या विज्ञान विभागांत ती साधी असते. सहकाऱ्यांपुढे आठ-दहा मिनिटं एक गोष्ट शिकवायची, त्याचं चित्रीकरण करायचं आणि मग स्वतःच ते बघायचं. बघताना आम्ही काही बोलत नाही. आपण दहा मिनिटांत वर्गाकडे तीनदाच पाहिलं, हे बघणाऱ्याला स्वतःला दिसतं. एकदा एक मुलगी स्वतःचं चित्रीकरण बघून म्हणाली, "मी स्वतःलाच शिकवत होते."

आता थोडं जास्त वेळ घेऊन एक गोष्ट सांगायची आहे. टीएंच्या प्रशिक्षणातून काय निघू शकतं, याचं आम्हाला माहीत असलेलं सगळ्यांत मोठं उदाहरण ते आहे.

१९७० च्या दशकाच्या मध्यावर कॅलिफोर्नियात बर्कलीला यूरी ट्राइसमन नावाचा एक पदवीधर विद्यार्थी गणित विभागात टीएंच्या प्रशिक्षणाचं काम बघत होता. टीएंना आपल्या विद्यार्थ्यांकडे लक्ष द्यायला लावायचं म्हणून त्याने एक काम दिलं: आपल्या वर्गातले चांगलं चाललेले आणि धडपडणारे विद्यार्थी कोण आहेत ते बघा, त्यांची माहिती घ्या. माहिती आली, तेव्हा एक गोष्ट टोचली. धडपडणाऱ्यांत कृष्णवर्णीय मुलं फार होती, आणि उत्तम चाललेल्यांत चिनी वंशाची मुलं फार. ट्राइसमनने आजूबाजूच्या प्राध्यापकांना विचारलं, का असेल? उत्तरं चार प्रकारची आली. त्यांना ईर्ष्या कमी. त्यांची शाळेतली तयारी कच्ची. घरून पाठबळ नाही. गरिबी. आपल्याकडेही एखाद्या वस्तीतल्या मुलांविषयी विचारलं तर आपण हीच चार उत्तरं याच क्रमाने देऊ.

ट्राइसमनने ती खरी धरली नाहीत. त्याने दोन्ही गटांतले वीस-वीस विद्यार्थी घेतले आणि त्यांच्याबरोबर राहिला. ग्रंथालयात, वसतिगृहात, जेवताना. ही मुलं अभ्यास कशी करतात ते बघितलं. चारही उत्तरं पडली. कृष्णवर्णीय मुलं आपापल्या शाळांतली हुशार, कष्टाळू मुलं होती, आणि घरच्यांनी त्यांच्या शिक्षणासाठी खूप सोसलं होतं. त्यांना सांगितलेलं होतं की एका तासाच्या वर्गामागे दोन तास घरी अभ्यास करा. ती इमानदारीने आठवड्याला सुमारे आठ तास अभ्यास करत होती. एकटी. चिनी मुलं सुमारे चौदा तास करत होती, आणि त्यातले काही तास एकत्र बसून. आधी एकेकट्याने गणितं सोडवायची, मग संध्याकाळी एकमेकांची उत्तरं तपासायची. चौघांना एक गणित सुटलं नाही तर ते अवघड आहे, हे त्यांना कळायचं. एकट्या बसलेल्या मुलाला तेच गणित सुटलं नाही तर त्याला वाटायचं, मलाच येत नाही. तो टीएकडे जायचा नाही. शाळेत हुशार म्हणून नाव काढलेल्या मुलाला मदत मागायची लाज वाटते.

मग बर्कलीत त्यांनी कार्यशाळा सुरू केल्या. इथे एक बारकावा आहे आणि आम्हाला तो फार महत्त्वाचा वाटतो. या कार्यशाळांना "कच्च्या मुलांसाठी ज्यादा तास" असं नाव दिलं नाही. उलट, नेहमीपेक्षा अवघड गणितं, खास तयार केलेली, मानाचा अभ्यासक्रम म्हणून. मुलं गटाने बसायची, समोर एक पदवीधर विद्यार्थी, आणि त्याने उत्तर सांगायचं नाही. फिरायचं, ऐकायचं, प्रश्न विचारायचा. कार्यशाळेतल्या कृष्णवर्णीय मुलांचे कॅल्क्युलसचे निकाल इतके सुधारले की पुढे कितीतरी विद्यापीठांनी ही पद्धत उचलली. ट्राइसमनने हे सगळं एका व्याख्यानात सांगितलं, ते १९९२ साली छापून आलं आणि गणित शिकवणारे लोक ते अजून वाचतात.

आम्ही ही गोष्ट दर वर्षी नव्या टीएंना सांगतो आणि नंतर एक काम देतो. पहिल्या तीन आठवड्यांत तुमच्या वर्गातल्या दोन मुलांशी अर्धा अर्धा तास बोला: एक जिचं किंवा ज्याचं चांगलं चाललंय, एक जिचं नाही. गणिताबद्दल कमी बोला. कुठे बसून अभ्यास करता, कोणाबरोबर, अडलं की काय करता, एवढं विचारा. एका वर्षी नागपूरकडच्या एका टीएने येऊन सांगितलं की त्याच्या वर्गातली मागे बसणारी मुलगी रात्री एका दुकानात काम करते आणि तिच्या सुट्टीच्या वेळा आणि त्याच्या खोलीत बसायच्या वेळा कधीच जुळत नव्हत्या. त्याने आपली एक वेळ सकाळी साडेआठला केली. मुलगी येऊ लागली. तिचं पुढे काय झालं म्हणाल, तर बी मिळालं. ए नाही. पण ती शाखा सोडून गेली नाही.

आता भौतिकशास्त्राकडे येतो. तिथली अडचण जरा वेगळी आहे. एक कोडं सांगतो, ऐकणाऱ्यांनी मनात सोडवा. तीन सारख्या बॅटऱ्या आहेत, आदर्श, म्हणजे आतला रोध शून्य. पाच सारखे दिवे आहेत. पहिल्या बॅटरीला एकच दिवा जोडला. दुसरीला दोन दिवे एकामागे एक, म्हणजे एकसर. तिसरीला दोन दिवे समांतर. कुठला दिवा किती उजळ? उत्तर असं: एकटा दिवा आणि समांतरातले दोन्ही दिवे सारखेच उजळ, एकसरीतले दोन एकमेकांसारखे, पण मंद. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात लिलियन मॅकडर्मट आणि त्यांच्या गटाने हे कोडं शेकडो विद्यार्थ्यांना घातलं. व्याख्यानं झालेली, ओहमचा नियम पाठ, किरकॉफचे नियम वापरून गणितं सोडवणारी मुलं. बरोबर उत्तर देणारे १५ टक्क्यांच्या आसपास. बाकीच्यांना वाटतं की बॅटरी दर वेळी ठरावीकच प्रवाह देते, किंवा पहिल्या दिव्याने प्रवाह थोडा "खाल्ला" की दुसऱ्याला उरलेला मिळतो.

या गटाने टीएंची तयारी जशी करून घेतली ती आम्ही जवळजवळ जशीच्या तशी उचलली आहे. दर आठवड्याला टीए एकत्र येतात. आधी विद्यार्थ्यांना द्यायची तीच चाचणी टीएंनी स्वतः सोडवायची. मग तीच कृतिपत्रिका गटाने सोडवायची, आणि आम्ही त्यांच्याशी तसंच वागायचं जसं त्यांनी मुलांशी वागावं. पहिल्या आठवड्यात सगळे वैतागतात. "आम्ही क्वांटम मेकॅनिक्स करून आलोय, बल्ब काय जोडायला लावता?" मग दिव्यांचं कोडं येतं आणि दोघा-तिघांचं चुकतं. ज्यांचं बरोबर येतं त्यांनाही समीकरण न लिहिता कारण सांगता येत नाही. खोली शांत होते. आपल्याकडच्या प्रवेश परीक्षांतून वर आलेल्या मुलांना हे जास्त लागतं, आम्ही स्वतःवरून सांगतो. आम्ही दोघंही त्या पद्धतीत तयार झालेले. गणित दिसलं की हात चालतो. का चालला, ते कोणी विचारलेलंच नसतं.

मग प्रश्न विचारण्याचा सराव. टीएने प्रश्न विचारला की तो स्वतःच उत्तर द्यायला किती वेळ घेतो, ते आम्ही घड्याळ लावून मोजतो. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात शाळांमध्ये हेच मोजलं होतं: शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर मुलं जास्त आणि लांब उत्तरं देतात, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद ऐकायला काहीच नाही. आता बघा, आम्ही थांबतो.

केवढं लांब वाटलं ना?

पेपर तपासण्याबद्दल एक गोष्ट सांगतो. आम्ही सगळ्या टीएंना एकाच उत्तरपत्रिकेची प्रत देतो. गणित साधं: नदीकाठच्या आयताकृती शेताला तीन बाजूंनी कुंपण घालायचं, तार १०० मीटर, नदीच्या बाजूला कुंपण नको. जास्तीत जास्त क्षेत्रफळ किती? रुंदी एक्स धरली तर लांबी १०० वजा २ एक्स. बरोबर उत्तर रुंदी २५, लांबी ५०, क्षेत्रफळ १२५० चौरस मीटर. आमच्या उत्तरपत्रिकेतल्या विद्यार्थ्याने मांडणी सगळी बरोबर केली आहे, फक्त अवकलज काढताना ४ एक्सऐवजी २ एक्स लिहिलं. मग रुंदी आली ५०, लांबी आली शून्य, आणि त्याने शांतपणे लिहिलं: जास्तीत जास्त क्षेत्रफळ शून्य. खाली दुहेरी रेघ.

दहापैकी किती? एक टीए आठ देतो: एकच आकडेमोडीची चूक, पुढचं सगळं त्या चुकीला धरून बरोबर. दुसरा तीन देतो: ज्याला जास्तीत जास्त क्षेत्रफळ शून्य आल्याचं खटकत नाही त्याला प्रश्नच कळलेला नाही. दोघांचंही म्हणणं खरं आहे, आणि यावर एक तास भांडण होतं. आम्ही ते होऊ देतो. शेवटी गुण कुठल्या पायरीला किती, हे सगळे मिळून ठरवतात. पण त्याआधी त्यांना कळलेलं असतं की दोन शेजारच्या गटांतल्या मुलांना एकाच उत्तराला आठ आणि तीन मिळाले असते, आणि त्यातल्या एकाची शिष्यवृत्ती त्यावर अवलंबून असू शकते. आणि एक, तपासताना त्या शून्याखाली "शेत कुठे गेलं?" एवढं लिहिलं तरी तो मुलगा पुढच्या वेळी उत्तराकडे वळून बघेल.

या सगळ्याने फरक पडतो का, असं विभागप्रमुख आम्हाला दर वर्षी विचारतात, कारण त्यासाठी पैसे लागतात. मुलांना नुसतं ऐकवण्याऐवजी वर्गात काम करायला लावलं तर फरक पडतो, याचा पुरावा भक्कम आहे. रिचर्ड हेक यांनी १९९८ साली ६२ अभ्यासक्रमांतल्या सहा हजारांवर विद्यार्थ्यांची न्यूटनच्या नियमांची समज सत्राच्या आधी आणि नंतर तपासलेली आकडेवारी एकत्र केली. शिकण्यासारखं जेवढं बाकी होतं त्यातलं पारंपरिक वर्गांनी सरासरी २३ टक्के शिकवलं, चर्चा आणि कृतीच्या वर्गांनी ४८ टक्के. २०१४ साली स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान-गणिताच्या २२५ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत नापासांचं प्रमाण जवळजवळ ३४ टक्के, दुसऱ्या प्रकारच्या वर्गांत २२. असे वर्ग चालवायचे तर मुलांमध्ये फिरणारी माणसं लागतात, आणि ती माणसं म्हणजे टीए.

तरीही प्रशिक्षण रेटणं कठीण जातं. पीएचडीचा मार्गदर्शक टीएला खाजगीत सांगतो, "शिकवण्यात फार वेळ घालवू नकोस, नोकरी संशोधनावर मिळते." तो खोटं बोलत नाही. पगार तुटपुंजा असतो. २०२२ च्या शेवटी कॅलिफोर्निया विद्यापीठात सुमारे ४८ हजार कर्मचारी संपावर गेले, त्यात टीए मोठ्या संख्येने होते. आणि आम्हीही चुकलो आहोत. एका वर्षी आमच्या एका टीएबद्दल तक्रार आली की तो प्रत्येक गणिताच्या सुरुवातीला "हे सोपं आहे" म्हणतो. आम्ही हसून सोडून दिलं. त्याला वाटायचं, सोपं म्हटलं की मुलांना धीर येईल. सत्राच्या शेवटी एका मुलीने अभिप्रायात लिहिलं की रोज कोणीतरी सोपं म्हणतंय ते आपल्याला येत नाही, तर आपण इथे का आहोत. ती पुढच्या सत्रात आलीच नाही. तक्रार आली तेव्हा त्या टीएला बोलावून दहा मिनिटं बोलायला हवं होतं. आम्ही बोललो नाही.

आता आपल्याकडचं थोडं. आयआयटीत एम.टेक.च्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीच्या बदल्यात आठवड्याला ८ तास टीएचं काम असतं. यूजीसीने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएचडीचे नवे नियम काढले, त्यात म्हटलंय की कुठल्याही विषयाच्या पीएचडी विद्यार्थ्याला आपल्या विषयाच्या अध्यापनाचं प्रशिक्षण घ्यावं लागेल, आणि त्याला आठवड्याला ४ ते ६ तास ट्युटोरियल, प्रयोगशाळा, मूल्यमापन असं काम देता येईल. कागदावर हे चांगलं आहे. पण महाराष्ट्रात पहिल्या-दुसऱ्या वर्षाला विज्ञान शिकवणारी कितीतरी तरुण मंडळी टीए नसतात, तासिका तत्त्वावरची असतात. एम.एस्सी. होऊन वर्ष झालेलं, तासाप्रमाणे पैसे, तेही महिनोन् महिने उशिरा, आणि थेट ऐंशी मुलांचा वर्ग. नेट-सेटच्या पहिल्या पेपरात अध्यापनावर प्रश्न असतात, पण वर्गात प्रश्न कसा विचारावा हे तिथे चारांतला एक पर्याय निवडून दाखवायचं असतं. त्यांना दर आठवड्याला एकत्र बसवून पुढच्या आठवड्याचं प्रॅक्टिकल आधी स्वतः करायला लावलं, आणि पाच जर्नलं सगळ्यांनी मिळून तपासली, तर याला अनुदान लागत नाही. एक खोली लागते, आणि चहा.

एक प्रश्न आधीच लिहून आला आहे, तेवढा घेतो आणि थांबतो. सोलापूरहून एका बाईंनी विचारलंय: "माझी मुलगी ऑगस्टमध्ये टीए म्हणून जातेय. तिला काय सांगू?"

ताई, तिला सांगा की वर्गाच्या आदल्या दिवशी रिकाम्या खोलीत जाऊन फळ्यावर काहीतरी लिहावं आणि शेवटच्या बाकावर जाऊन ते वाचून बघावं. पहिल्या दिवशी दहा मिनिटं आधी जावं, आपलं नाव मोठ्या अक्षरांत लिहावं, ते कसं उच्चारायचं ते हसत शिकवावं आणि मग मुलांची नावं विचारावीत. एका वहीत ती आपल्या लिपीत लिहून घ्यावीत, म्हणजे पुढच्या तासाला उच्चार चुकणार नाही. देवनागरीत ही सोय फार छान आहे. आणि तासाच्या शेवटी "डाउट्स?" न विचारता प्रत्येकाला एक चिठ्ठी द्यावी: आज काय कळलं नाही, एक ओळ, नाव नको. त्या चिठ्ठ्या रात्री वाचाव्यात. पहिल्या आठवड्यात अर्ध्या कोऱ्या येतील. तरी दुसऱ्या आठवड्यात परत द्याव्यात.